पडलेला प्रश्न

रोमुलो सालवासियोन या सिनेमात
रोमुलो सालवासियोनचं काम करतोय.
नाव तेच, वय तेच, पोट तेच,
पोटावरचा पट्टासुद्धा घरून आणलेला.
गोष्ट अशी: एकेकाळचा ॲक्शन हीरो
मारिकिनात बुटांच्या दुकानाची फीत कापायला जातो
आणि खरे गुंड त्याला खरा हीरो समजून उचलतात.
लोक हसतील. मीही हसलो वाचताना,
बाविसाव्या पानापर्यंत.

बाविसाव्या पानावर गुंड म्हणतात, मार उडी.
तो खिडकीतून खाली बघतो,
मग सरळ कॅमेऱ्याकडे वळून म्हणतो,
"मी आयुष्यात कधी उडी मारलेली नाही.
ती दुसरा कुणीतरी मारायचा."

दुसरा कुणीतरी म्हणजे मी.
तेओफिलो बाकाय, राहणार टोंडो,
तोंडावर पडायची सवय तिथलीच.
एकतीस वर्षं त्याच्या शर्टात, त्याच्या केसांच्या टोपात,
बिनोन्दोच्या छपरांवरून, धावत्या जीपनीतून,
एकदा पासिग नदीत. पाणी कसलं, नुसता तवंग;
आठवडाभर भाताला डिझेलचा वास.
खाली कंडेन्स्ड दुधाची खोकी रचलेली असायची.
ती रिकामी आहेत ना, एवढं मी स्वतः बघायचो,
बाकीचं देवावर.

माणसांना स्वप्नं पडतात, टक्कल पडतं,
कुणी प्रेमात पडतं, कुणी पडतं घेतं.
मी नुसताच पडलो.
दिवसाला तीनशे पेसो, मजल्यामागे पन्नास वर.
आणि पडलो तरी नाक वर,
कारण नाक त्याचं होतं.

लेखिकेचा फोन आला, दालिसाय नावाची पोर,
"कुया तेओ, तुम्ही आहात सिनेमात."
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.
म्हटलं, एकदा तरी कॅमेऱ्याला पाठ नाही, तोंड.
ती म्हणाली, "ती बाविसाव्या पानावरची उडी."
"पण तो मारत नाही ना? तीच तर गंमत ना?"
"शेवटी मारतो. पण ज्याला येत नाही
त्याच्यासारखी मारायची आहे."

आता आली का पंचाईत.
चांगलं पडणं हाडांना पाठ आहे,
हनुवटी आत, खांदा आधी, श्वास सोडलेला.
वाईट पडायचं एकसष्टाव्या वर्षी शिकायचं कुणाकडून?
जेवणाच्या सुट्टीत त्यालाच विचारलं,
"रोमी, तू पडलास तर कसा पडशील?"
पान्सितचा घास तोंडात तसाच धरून
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
"मला काय माहीत?
मी पडलो की तूच पडायचास."

पहिला टेक. दिग्दर्शक ओरडला,
"पुन्हा! फार छान पडलात."
दुसरा टेक. "अजूनही छान."
तिसऱ्याला मुद्दाम किंचाळलो, तर किंचाळीच खोटी निघाली.
चौथ्याला त्याचा पट्टा खिडकीच्या खिळ्यात अडकला
आणि मी आयुष्यात पहिल्यांदा
ठरवल्याशिवाय खाली आलो.

खांदा निखळला. वर टाळ्या, हशा,
"हेच हवं होतं!" कुणी ओरडलं.
एकटा रोमुलो हसला नाही.
जिन्यावरून धावत आला,
धावायची सवय नसलेला माणूस धावतो तसा,
एक हात रेलिंगला, एक पोटाला,
आणि खोक्यांत पाय अडकून
धाडकन माझ्या शेजारी.

हनुवटी बाहेर, श्वास कोंडलेला, सगळं चुकीचं.
"असा," तो म्हणाला,
"असा पडतो मी. बघ."

कॅमेरा चालू होता म्हणे.
तो भाग ठेवलाय की कापलाय,
अजून कुणी कळवलेलं नाही.